वाचकांचे प्रश्न : हत्यारांवरचे ओरखडे, झीज आणि गंज

सुतारकामाच्या हत्यारांवर पडलेल्या ओरखड्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक पत्रलेखकांना हत्यार पुन्हा नव्यासारखे चकचकीत करायचे आहे. ही इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु घासण्याच्या प्रत्येक फेरीत धातू कमी होतो आणि तो परत आणता येत नाही. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी ओरखडा कोठे आहे आणि तो कामाच्या आड येतो का, हे पाहिले आहे.

प्रश्न : मी वापरलेला एक बिडाचा रंधा विकत घेतला. त्याच्या तळावर लांब चरे आहेत आणि रंधलेल्या फळीवर बारीक रेघा उमटतात. तळ यंत्रावर घासून आरशासारखा करून घ्यावा का?

उत्तर : घाई करू नये. तळावरच्या चऱ्यांमुळेच फळीवर रेघा उमटतात असे आपण गृहीत धरले आहे, पण तसे असेलच असे नाही. फळी तिरप्या उजेडात धरून ती रेघ नीट पाहावी आणि तिच्यावरून आडवे बोट फिरवावे. रेघ वर उठलेली लागली, तर दोष पात्याचा आहे. धारेला टवका उडाला की तेवढ्या खाचेतले लाकूड कापायचे राहते आणि त्याचा बारीक कंगोरा फळीवर दिसतो. रेघ दबलेली आणि किंचित चमकणारी असेल, तर तळावर कोठेतरी धातू वर आलेला आहे आणि तो लाकूड दाबत पुढे जातो. रेघेच्या एका बाजूची फळी दुसऱ्या बाजूपेक्षा केसभर खाली असेल, तर पाते तिरके बसले आहे किंवा त्याचा कोपरा लाकडात रुततो आहे. या तिसऱ्या प्रकारात तळाचा काहीच संबंध नसतो, तरी तळ घासून घेण्याचा खटाटोप सर्वांत जास्त वेळा याच रेघेपायी होतो.

आता तळाविषयी. कठीण वस्तू बिडावर घासली किंवा आपटली की थोडा धातू निघून जातो आणि थोडा बाजूला सारला जाऊन चऱ्याच्या काठाशी वर येतो. त्रास देतो तो हा वर आलेला काठ. खाली गेलेला चरा लाकडाला शिवतही नाही. चऱ्यावरून आडवा कापूस फिरवल्यास तंतू जेथे अडकतात, तेथे काठ उभा आहे असे समजावे. बारीक दातांची सपाट कानस किंवा धारेच्या दगडाचा लहान तुकडा तळावर अगदी सपाट ठेवून हलक्या हाताने दोनचार वेळा फिरवला की काठ निघून जातो, आणि कानस तिरपी न धरल्यास आजूबाजूच्या तळाला धक्काही लागत नाही. तळाच्या कडांना पोचे आले असतील, तर त्या कडा कानशीने किंचित मारून घ्याव्यात. एवढे केल्यावर चरे तसेच राहिले तरी रंधा उत्तम चालतो. स्टॅनले कंपनीने तर तळावर मुद्दाम लांब पन्हळी पाडलेले रंधे कित्येक वर्षे बनवले आणि लोकांनी ते आनंदाने वापरले. तळाचा प्रत्येक बिंदू लाकडाला टेकलाच पाहिजे, असा नियम नाही.

टेकायला हव्यात त्या तीन जागा : तळाचे पुढचे टोक, तोंडाच्या (पाते ज्या फटीतून तळाबाहेर येते त्या फटीच्या) लगतची पुढची कड आणि मागची टाच. यांपैकी तोंडाची कड सर्वांत महत्त्वाची असते, कारण पाते लाकूड उचलते त्याच क्षणी ही कड समोरचे तंतू दाबून धरते. ती जागा झिजून खोलगट झाली की पाते कितीही धारदार असले तरी लाकूड उकलते. सरळ पट्टी तळावर उभी ठेवून उजेडासमोर धरावी. तोंडाच्या पुढे उजेड दिसला किंवा तळ पिळलेला आढळला, तरच तो घासण्याचा विचार करावा.

घासायचे ठरल्यास जाड काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या सपाट लादीवर पी ८० किंवा पी १२० क्रमांकाचा पॉलिश पेपर चिकटवावा (क्रमांक जितका मोठा, तितका कागद बारीक). पाते जागेवर ठेवून नेहमीच्या ताणाने आवळावे, मात्र धार तळाच्या आत ओढून घ्यावी, कारण पाते आवळल्यामुळे सांगाड्यावर येणारा ताण तळाला सूक्ष्म प्रमाणात वाकवतो आणि पाते काढून सपाट केलेला तळ पाते बसवल्यावर तसाच राहील याची खात्री नसते. तळावर मार्करने आडव्या रेघा ओढाव्यात, दोन्ही हातांनी सारखा दाब देऊन थोडे घासावे आणि रेघा कोठे पुसल्या ते पाहावे. वर सांगितलेल्या तिन्ही जागांवरच्या रेघा गेल्या की थांबावे, मध्ये कोठे शाई उरली असली तरी थांबावे. पी २४० च्या पुढे जाण्याची गरज नसते. शेवटी तळावर पांढऱ्या मेणबत्तीच्या दोन नागमोडी रेघा ओढून पाहाव्यात. तळ गुळगुळीत करण्यात घालवलेल्या वेळाने जे साधत नाही, ते या मेणाने साधते आणि रंधा हाताला एकदम हलका लागतो.

यंत्रावर घासून घेण्याचा सल्ला मी देणार नाही. पकडीत आवळताना रंधा किंचित वाकला, तर यंत्र त्या वाकलेल्या अवस्थेत तळ सपाट करते, आणि पकड सोडल्यावर तो पुन्हा वाकडा होतो. शिवाय गरजेपेक्षा पुष्कळ जास्त धातू निघून जातो.

प्रश्न : नव्या पटाशीच्या पाठीवर कारखान्यातल्या घासणीचे ओरखडे दिसतात. ती पाठ पूर्ण लांबीवर चकचकीत करावी का? आणि बाजूंच्या ओरखड्यांचे काय करावे?

उत्तर : बाजूंच्या ओरखड्यांचे काहीही करू नये. पाठीचे मात्र मनावर घ्यावे. धार म्हणजे पाठ (पात्याची सपाट बाजू) आणि उतार (तिरपी घासलेली बाजू) हे दोन पृष्ठभाग जेथे भेटतात ती रेघ. त्यांपैकी एका पृष्ठभागावरचा ओरखडा धारेपर्यंत पोहोचला, तर धारेच्या त्या जागी खाच पडलेलीच असते, मग दुसरी बाजू कितीही निगुतीने पाजळलेली असो. धार लवकर जाते अशी तक्रार करणारे बहुतेक जण उतारावर मेहनत घेतात आणि पाठ उलटून पाहत नाहीत.

परंतु धारेपर्यंत पोहोचणारे ओरखडे हे धारेजवळच असतात. म्हणून पाठीचा पुढचा दोनतीन सेंटिमीटरांचा भाग सपाट आणि तकतकीत केला की काम भागते. मागचा भाग जाड ओरखड्यांसह तसाच राहू द्यावा. पटाशी वर्षानुवर्षे पाजळून आखूड होत जाईल, तसा तो भाग आपोआप पुढे येईल आणि त्या वेळी त्याच्याकडे पाहता येईल.

ओरखडे काढण्याचे तत्त्व असे, की मोठा ओरखडा लहान ओरखड्यांनी पुसायचा आणि ते लहान ओरखडे त्याहून लहानांनी. पी १२० च्या कागदावरचे कण सरासरी सुमारे १२५ मायक्रॉनचे असतात, पी ४०० चे सुमारे ३५, पी १००० चे सुमारे १८ आणि पी २००० चे सुमारे १० मायक्रॉनचे. पी १२० वरून थेट पी २००० वर उडी मारली, तर पृष्ठभाग चमकू लागतो, पण चमकीच्या खाली जुने खोल ओरखडे जसेच्या तसे राहतात आणि ते नेमके धारेपाशी उघडे पडतात. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या टप्प्याचे ओरखडे आडवे दिसतात आणि ते सर्व गेले की नाही हे डोळ्यांना कळते. घासताना बोटांचा दाब धारेच्या मागे लगेच असावा आणि मूठ कणभरही वर उचलली जाऊ नये. मूठ उचलली की धारेजवळची पाठ गोलावते; असा गोलावा काढायला मूळच्या ओरखड्यांपेक्षा कितीतरी जास्त घासावे लागते.

आपली पटाशी जपानी पद्धतीची असेल, तर पाठीवर मुद्दाम खोलगट भाग ठेवलेला असतो आणि भोवतीची अरुंद किनारच दगडाला टेकते. अशी पाठ खरखरीत कागदावर घासू नये. किनार भराभर रुंद होते आणि खोलगट भाग नाहीसा होऊ लागतो.

प्रश्न : रंध्याच्या पात्याच्या धारेला खिळ्याने टवका उडाला. ग्राइंडरवर घासताना कड निळी पडली. पाते वाया गेले का?

उत्तर : पाते वाया गेलेले नाही, पण निळ्या पडलेल्या भागाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरले आहे. साध्या कार्बनच्या पोलादावर तापमान वाढत जाते तसे रंग चढतात : फिकट पिवळा सुमारे २२० अंश सेल्सिअसला, निळा सुमारे ३०० अंशांना. एवढ्या उष्णतेने पोलाद मऊ पडते आणि तेथे लावलेली धार चार हात मारताच वळते. निळेपणा वरवर पॉलिश करून घालवता येतो, पण आतला मऊपणा जात नाही. निळा भाग आणि त्यामागचा थोडा भाग सावकाश घासून काढून टाकणे एवढाच मार्ग आहे.

पुढच्या वेळी टवका काढताना आधी धार सरळ चाकावर उभी धरून, म्हणजे पात्याशी काटकोनात, टवक्याच्या तळापर्यंत बोथट करून घ्यावी आणि मगच उतार घासायला घ्यावा. कड जाड असते तोवर उष्णता मागच्या धातूत पसरते. पातळ कडेला ती साठून राहते आणि क्षणात रंग बदलतो. चाक खरखरीत आणि स्वच्छ असावे, दाब हलका असावा आणि पाते बोटाला गरम लागू लागताच पाण्यात बुडवावे. शेवटची अर्धा मिलिमीटर कड ग्राइंडरवर न घेता दगडावर हाताने घ्यावी. हायस्पीड पोलादाचे पाते मात्र एवढ्या उष्णतेने मऊ पडत नाही, त्यामुळे त्यावर निळा रंग दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

प्रश्न : दमट हवेत ठेवलेल्या हत्यारांवर तांबूस गंज चढला आहे आणि काही ठिकाणी खड्डे पडले आहेत. सायट्रिक आम्लाने गंज जातो असे ऐकले. ते सुरक्षित आहे का?

उत्तर : ते सुरक्षित आहे, पण हत्यार त्यात टाकून विसरून जाणे सुरक्षित नाही. प्रथम रंग पाहावा. तांबूस, भुकटीसारखा सुटणारा गंज काढलाच पाहिजे, कारण तो ओल धरून ठेवतो आणि खालचा धातू खात राहतो. जुन्या हत्यारांवर गडद करडा किंवा काळसर, घट्ट बसलेला थर असतो. तो बहुधा लोहाच्या काळ्या ऑक्साइडचा असतो आणि खालच्या धातूला काही अंशी राखतो. तो थर काढून चकचकीत केलेले लोखंड अधिक लवकर गंजते, म्हणून माझे मत असे, की त्याला हात लावू नये.

गंज हलका असेल तर आम्लाची गरजच नाही. रॉकेल किंवा पातळ तेल लावून, लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने तो निघतो. जाड गंजासाठी एक लिटर पाण्यात साधारण ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवावे. लाकडी मुठी आणि पितळी भाग आधी काढून ठेवावेत, कारण आम्लात पितळेतील जस्त विरघळून पितळ गुलाबी पडते. हत्यारावरचे तेल साबणाने धुवून ते पूर्ण बुडेल असे ठेवावे. अर्धे बाहेर राहिले तर पाण्याच्या पातळीशी धातूवर कायमची रेघ पडते. दर तासाने बाहेर काढून ब्रशने घासून पाहावे. गंज संपल्यावरही आम्ल थांबत नाही आणि चांगले पोलाद खाऊ लागते, त्यामुळे धारेची हत्यारे रात्रभर ठेवू नयेत. बाहेर काढल्यावर भरपूर पाण्याने धुवावे, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढावे, पुन्हा धुवावे आणि लगेच पुसून, उष्ण हवेने वाळवून तेल लावावे. या शेवटच्या पायरीत थोडा उशीर झाला, तरी उघड्या पडलेल्या धातूवर डोळ्यांदेखत नारिंगी गंज चढतो. पृष्ठभाग करडा आणि निस्तेज दिसेल, त्याची काळजी करू नये.

खड्डे आम्लाने भरून येत नाहीत. रंध्याच्या बाजूवर किंवा पटाशीच्या दांड्यावर ते असले, तर सोडून द्यावेत. पात्याच्या पाठीवर धारेजवळ असतील, तर उतार मागे घासत धार खड्ड्यांच्या पलीकडे नेता येते का, ते पाहावे. खड्डे सगळ्या पाठीवर पसरलेले असतील, तर त्या पात्यावर तास घालवण्यापेक्षा नवे पाते बसवावे आणि जुने वाळलेला सरस किंवा रंग खरवडण्यासाठी ठेवावे.

गंज पुन्हा येऊ नये यासाठी हत्यार ठेवण्यापूर्वी हाताचा घाम पुसून काढणे सर्वांत उपयोगी, कारण घामातील मीठ गंजाला गती देते आणि बोटांचे ठसे आधी गंजतात. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर राहणार असेल, तर तेलाचा पातळ हात नेमाने द्यावा. ओकसारख्या टॅनिनयुक्त लाकडाच्या ओल्या भुशात हत्यार राहिले, तर काळे डाग पडतात, म्हणून काम संपताच भुसा झटकून टाकावा.

प्रश्न : जुन्या करवतीचे पाते तारेच्या फिरत्या ब्रशने चमकवावे का?

उत्तर : नको. ब्रशने पाते तापते, दातांची टोके बोथट होतात आणि पात्यावर कोरलेले बनवणाऱ्याचे चिन्ह असले तर ते पुसले जाते. ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून, रॉकेल टाकत, पात्याच्या लांबीच्या दिशेने घासावे आणि चिन्हाच्या जागी फक्त तेलाने पुसावे. तपकिरी डाग उरले तरी चालतील. करवत अडकते ती बहुधा डागांमुळे नाही. दातांची धार गेलेली असते किंवा दात दोन्ही बाजूंना पुरेसे फाकवलेले नसतात.

प्रश्न : गुण्या (काटकोन तपासण्याचे हत्यार) आणि पोलादी पट्टी यांवर ओरखडे पडले आहेत. पॉलिश पेपरने काढू का?

उत्तर : मापाच्या हत्यारावर पॉलिश पेपर मुळीच लावू नये. पट्टीवरील आकडे उथळ कोरलेले असतात आणि त्यांच्यावर क्रोमचा मुलामा असेल तर तोही जातो. मुलामा गेलेल्या जागेतून मग गंज आत शिरतो. गुण्याच्या कडेला पोचा आला असेल, तर फक्त वर आलेला धातू बारीक दगडाने सपाट करावा. नंतर सरळ कडेच्या फळीवर गुण्या टेकवून रेघ ओढावी, तो उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ ओढावी. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर काटकोन शाबूत आहे.

प्रश्न : पटाश्यांच्या जुन्या लाकडी मुठी मळकट आणि ओरखडलेल्या आहेत. त्या घासून त्यांना जवसाचे तेल लावावे का?

उत्तर : मुठीला भेग नसेल आणि ती हाताला टोचत नसेल, तर घासू नये. वर्षांच्या वापराने आलेला गुळगुळीतपणा कागदाने परत आणता येत नाही, आणि तो हातात जितका सुखाचा लागतो तितका नवा वार्निशही लागत नाही. मळ टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने काढावा. उचकटलेले तंतू असतील तेवढीच जागा बारीक कागदाने बसवून घ्यावी. मग जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्यावा, पंधरावीस मिनिटांनी जादा तेल पूर्ण पुसावे आणि ते वाळू द्यावे. कच्चे तेल वाळायला कित्येक दिवस घेते, शुष्ककारक मिसळलेले तेल लवकर वाळते. हत्यारावर जुना रंग असेल, तर तो कोरडा घासू नये, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते आणि ती धूळ श्वासावाटे शरीरात जाते.

तेलाच्या फडक्यांविषयी एक इशारा मी तळमळीने देतो. जवसाचे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजन घेते आणि उष्णता सोडते. चुरगळलेल्या फडक्यात ही उष्णता अडकते आणि जवळ आगीची ठिणगी नसतानाही फडके पेट घेऊ शकते. फडकी बाहेर, मोकळ्यावर, एकेरी पसरून कडक होईपर्यंत वाळवावीत किंवा पाण्याने भरलेल्या, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावीत. कचऱ्याच्या टोपलीत गोळा करून कधीही टाकू नयेत.

प्रश्न : लाकडी रंध्याचा तळ तोंडापुढे झिजून खोल झाला आहे आणि तोंड रुंद झाले आहे. तळ रंधून सपाट केला की पुरे का?

उत्तर : तळ सपाट होईल, पण तोंड आणखी रुंद होईल, कारण लाकडी रंध्याची पोकळी वरच्या बाजूला पसरत जाते आणि तळाचा प्रत्येक थर निघाला की फट वाढते. जाड साल काढणाऱ्या रंध्याला रुंद तोंड चालते, तेव्हा तो केवळ सपाट करून वापरावा. शेवटचा हात देण्याच्या रंध्यासाठी मात्र तोंडापुढे घट्ट लाकडाचा तुकडा बसवावा. तोंडाच्या पुढच्या कडेपासून पटाशीने सुमारे सहासात मिलिमीटर खोल घर करावे, तुकड्याचे तंतू तळाच्या तंतूंच्याच दिशेने ठेवावेत आणि तो सरसाने चिकटवावा. तुकडा सुरुवातीला पात्याला जवळजवळ टेकेल एवढा लांब असावा. सरस वाळल्यावर पाते आणि पाचर नेहमीप्रमाणे ठोकून, धार आत ठेवून तळ सपाट करावा, आणि मग कानशीने तोंड थोडे थोडे उघडत जावे, ढलपी न अडकता बाहेर येऊ लागली की थांबावे.